मनोरा पाडलात, आता त्याच्या बाहेर या : 'डार्क अकॅडेमिया'च्या प्रकाशक-संपादकांना खुलं पत्र

प्रति,
इंग्रजीत 'डार्क अकॅडेमिया' कादंबऱ्या (जुनी विद्यापीठं, ग्रंथालयं आणि त्यांतली काळी गुपितं यांभोवती फिरणाऱ्या) निवडणारे, संपादित करणारे आणि छापणारे सर्व प्रकाशक व संपादक यांस,

विषय : 'बेबल' या कादंबरीने केलेली निराशा आणि पुढच्या पुस्तकांविषयी मागण्या

सप्रेम नमस्कार.

आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' ऑगस्ट २०२२ मध्ये आली. तिला विज्ञान-अद्भुत कथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला, तिच्यावर भरभरून लिहिलं गेलं, आणि आमच्या पुण्यात कॉलेजची मुलं ती एकमेकांच्या हातून ओढून वाचतात. "वसाहतवाद समजून घ्यायचा असेल तर हे वाच," असं सांगत ती माझ्याही हाती आली. मी ती वाचली, काही भाग पुन्हा वाचले, आणि पदरी निराशा पडली. पुस्तक सुमार असतं तर मी बाजूला ठेवून दिलं असतं आणि विसरले असते. ते सुमार नाही, त्यामुळे गप्प बसवत नाही.

हे पत्र लेखिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. कोणतं हस्तलिखित घ्यायचं, कोणत्या पानावर लेखकाला "इथे थांबा" म्हणायचं आणि एक पुस्तक खपलं की पुढची कशी मागवायची, हे तुम्ही ठरवता. (पुढे कथानकाचा शेवट उघड होतो. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचून मग इकडे यावं.)

माझा यात काय संबंध, तेही सांगते. मी भाषांतरावर पोट भरते. करारनामे, औषधांची माहितीपत्रकं, पाठ्यपुस्तकं, मध्येच नशिबाने एखादी कादंबरी. आमच्या धंद्यात मानधन शब्दांवर मोजतात, ते वेळेवर मिळेल याची खात्री नसते, आणि नाव छापलंच तर आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याच्या जवळपास. अशा माणसाला कुणी सांगितलं की एक जाडजूड कादंबरी आली आहे, तिच्यात अख्खं ब्रिटिश साम्राज्य भाषांतरकारांच्या जिवावर चालतं आणि भाषांतरकार संपावर गेले की लंडनमधला पूल कोसळतो, तर काय होईल? मला मनापासून आनंद झाला होता. आपल्या कामाकडे कुणीतरी इतक्या गांभीर्याने पाहिलं, याचं अप्रूप वाटलं होतं. माझ्या तक्रारींचं मूळ त्या अपेक्षेत आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड. तिथे आठ मजली मनोऱ्यात राजाश्रयाने चालणारी भाषांतर-संस्था. चांदीच्या कांबीवर दोन भाषांतले जवळच्या अर्थाचे शब्द कोरायचे. एका भाषेतून दुसरीत जाताना जे निसटतं, ते त्या कांबीतून शक्ती होऊन प्रकट होतं. या शक्तीवर गिरण्या चालतात, जहाजं धावतात, पूल तग धरतात. पण दोन्ही भाषा आतून जाणणारा माणूस असल्याशिवाय कांब काम करत नाही, म्हणून साम्राज्य जगभरातून हुशार पोरं उचलून आणतं. कँटनहून रॉबिन, कलकत्त्याहून रामी, हैतीची व्हिक्टॉयर. चौथी लेटी, इंग्रज अ‍ॅडमिरलची मुलगी. या चौघांची मैत्री, तिची फूट, अफूच्या युद्धाचा डाव आणि शेवटी संप.

कल्पना अस्सल आहे आणि ती लेखिकेची स्वतःची आहे, हे मी आधीच मान्य करते. क्वांग यांचा जन्म ग्वांगजोचा, म्हणजेच जुन्या कँटनचा. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड दोन्हीकडे त्या शिकल्या. ज्या दोन जगांविषयी त्या लिहितात ती त्यांनी जवळून पाहिलेली आहेत. आणि २०२३ च्या ह्यूगो या तशाच दुसऱ्या मोठ्या पुरस्कारातून ही कादंबरी कोणतंही कारण न देता बाद ठरवली गेली, तो अन्यायच होता. माझ्या तक्रारींचा त्या वागणुकीला आधार म्हणून कुणी वापर करू नये.

सुरुवातीच्या भागात एक प्रसंग आहे. रॉबिन लहान आहे, प्रोफेसर लव्हेलच्या घरी राहून लॅटिन-ग्रीक शिकतो आहे. एक दिवस तो कादंबरी वाचण्यात इतका गुंगतो की शिकवणीची वेळ टळून जाते. लव्हेल शेगडीजवळची लोखंडी सळई घेतो आणि पोराला बडवतो. तो आरडाओरडा करत नाही. पोराला तो थंडपणे समजावतो की आळस इथे खपणार नाही, अभ्यास जमत नसेल तर कँटनला परत जायची वाट मोकळी आहे. कँटनमध्ये त्या पोराचं कुणीही उरलेलं नाही, हे दोघांनाही माहीत आहे. लव्हेल हाच त्याचा बाप आहे, हेही वाचकाला हळूहळू उमगू लागलेलं असतं. त्या घरातलं जेवणखाण, अभ्यास, पाहुणे, सगळं दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत. उपकार, दहशत आणि शिक्षण एकाच हातातून कसं येतं हे या दोन-तीन पानांत असं उतरलं आहे की मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ज्या लेखणीतून हे उतरलं तिला पुढच्या शेकडो पानांत स्वतःवर विश्वास का उरला नाही, हा माझा पहिला प्रश्न तुम्हाला आहे.

कारण पुढे कादंबरी सतत समजावून सांगत राहते. एखादा इंग्रज वर्णद्वेषी बोलतो. ते वर्णद्वेषी आहे हे आपल्याला कळलेलं असतं. लगेच रॉबिनच्या मनात ते का वाईट त्याचा विचार येतो. मग मित्रांत त्यावर चर्चा होते. तेवढ्याने भागत नाही म्हणून पानाच्या तळाशी टीप येते आणि तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते. तळटिपांना माझा विरोध नाही. कोशावर वाढलेल्या माणसाचा असूच शकत नाही. काही टिपा माहितीने भरलेल्या आहेत आणि मी त्या चवीने वाचल्या. पण ज्या टिपा केवळ वाचक चुकीच्या बाजूला जाऊ नये म्हणून हात धरायला येतात, त्या मला अपमानास्पद वाटल्या. माझ्या आजीच्या पिढीने साहेबाचं राज्य डोळ्यांनी पाहिलेलं आहे. साम्राज्य लुटारू होतं हे मला पटवून देण्याची गरज नाही. ते लुटारू असूनही त्याच्या शाळेत जायला, त्याची भाषा बोलायला, त्याची शाबासकी मिळवायला माणसं का धडपडली, ते मला कादंबरीत हवं होतं. रॉबिनच्या बाबतीत सुरुवातीला ते आहे. पुढे व्याख्यानं वाढतात आणि तो गुंता मागे पडतो.

याच सवयीने इंग्रज पात्रं सपाट झाली आहेत. मनात काय आहे ते ती उघड बोलून दाखवतात. माणसं प्रत्यक्षात अशी वागत नाहीत आणि साम्राज्य तर मुळीच असं चाललं नाही. त्याचे कारभारी सुसंस्कृत होते, कित्येकदा कनवाळू होते, आपण भलं करतो आहोत असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्यातली भीती या कादंबरीच्या हातून निसटते. लेटीकडून आशा होती, कारण ती मैत्रीण आहे, स्वतः बाई म्हणून डावलली गेलेली आहे. पण तिलाही एकच काम नेमून दिलेलं आहे: काहीही न समजणं आणि शेवटी उलटणं. ती उलटणार हे मला फार आधी कळलं. संपादकांना ते हस्तलिखितातच दिसलं असणार.

दुसरी तक्रार रामीविषयी. ती करताना मला जरा राग येतो, तो मी आवरते आहे.

रामीज रफी मिर्झा हा कलकत्त्याचा मुसलमान मुलगा या कादंबरीतला सगळ्यात जिवंत माणूस आहे. हजरजबाबी, मानी, आपल्याकडे लोक बघतात हे ओळखून त्यांना हवा तसा तमाशा करून दाखवणारा आणि आतून जळणारा. तो खोलीत आला की पान हलतं. त्याचं काय केलंत? लेटीच्या गोळीने त्याला मारलंत, आणि त्याच्या मरणाने रॉबिन पेटतो. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची भाषा, स्वतःचा देव, स्वतःचं शहर आणि स्वतःचा संताप होता, तो दुसऱ्याच्या संतापाला सरपण झाला. त्याच्या बालपणाला, कलकत्त्याला, त्याच्या बापाला मिळून एक छोटं मध्यंतर-प्रकरण मिळतं. ते वाचताना वाटत राहतं की कादंबरी इथे असायला हवी होती. या मुलाच्या घरात. तिथे साहेबाची मर्जी राखणं हे रोजचं काम होतं आणि मुलाची हुशारी हाच घरातला दागिना होता. पण मध्यंतर संपतं आणि आपण परत ऑक्सफर्डच्या फरसबंदीवर.

व्हिक्टॉयरचंही फार वेगळं नाही. ती वाचते, पण तिच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला नीट कळायला शेवट यावा लागतो. मनोऱ्यात चक्रवर्ती नावाचे प्राध्यापकही आहेत. इंग्रजांच्या संस्थेत राहिलेला भारतीय विद्वान म्हणजे केवढी मोठी कादंबरी! ते मात्र आजूबाजूला वावरत राहतात.

आता माझी मुख्य तक्रार. ती फक्त 'बेबल'पुरती नाही, तुमच्या सबंध कारभाराविषयी आहे.

ही कादंबरी ऑक्सफर्डला शिव्या देते आणि ऑक्सफर्ड सोडायला तयार होत नाही. आरंभी लेखिकेची एक टीप आहे. ऐतिहासिक इंग्लंड आणि विशेषतः ऑक्सफर्ड विद्यापीठ दाखवताना तपशिलात कुठे मोकळीक घेतली, याचा त्यात खुलासा आहे. तिथली माणसं चुका काढतील याची ती काळजी. कलकत्त्याच्या माणसाची अशी काळजी घ्यावी असं वाटल्याचं मला पुस्तकात कुठे दिसलं नाही. चौघांचे सुखाचे दिवस मनोऱ्यात, भांडणं मनोऱ्यात, संप मनोऱ्यात, रॉबिनचं मरणही मनोऱ्यात. कँटन मध्येच येतं आणि जातं. बाकी जगातली बंडं कानावर पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. लेखिका मनोरा पाडते, तरी वाचकाच्या मनात शेवटी तोच उभा राहतो: त्याची ग्रंथालयं, त्याचे जिने, तिथला चहा. शोषितांच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकातही ज्ञानाचं घर एकच, आणि ते इंग्लंडमध्ये.

हे केवळ अन्यायाचं आहे म्हणून मी बोलत नाही. खरी गोष्ट कितीतरी जास्त चित्तथरारक होती आणि ती तुम्ही हातची घालवलीत, म्हणून बोलते.

ऑक्सफर्डच्या संस्कृत अध्यासनाचंच बघा. ते जोसेफ बोडेन या माणसाच्या पैशातून उभं राहिलं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीतला लेफ्टनंट कर्नल. संस्कृतचं ज्ञान वाढलं की भारतीयांना ख्रिस्ती करणं सोपं जाईल, हा हेतू त्याने मृत्युपत्रात स्वच्छ नोंदवला होता. १८३२ साली त्या अध्यासनावर पहिला प्राध्यापक आला तो होरेस हेमन विल्सन. हे विल्सन त्याआधी कलकत्त्याच्या टाकसाळीत कस लावणारे अधिकारी होते. चांदीची शुद्धता तपासायची आणि उरल्या वेळात संस्कृत नाटकांचं भाषांतर करायचं. त्यांच्या हाताखाली टाकसाळीत आलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली, आणि त्या कामात कमलाकांत विद्यालंकार हे पंडित त्याच्या सोबत होते. म्हणजे रॉबिन आणि रामी ऑक्सफर्डात चांदीवर शब्द कोरत होते त्याच सुमारास कलकत्त्याच्या टाकसाळीत चांदी तोलणारी माणसं शिलालेख वाचत होती. ही कथा इतिहासाने तयार करून ठेवली होती. तिचं घर हुगळीच्या काठी होतं.

विल्सनने १८१९ साली संस्कृत-इंग्रजी कोश काढला. त्याच्या शीर्षकपृष्ठावरच म्हटलं आहे की कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी 'विद्वान नेटिवांनी' केलेल्या मूळ संकलनावरून हा कोश भाषांतरित, दुरुस्त आणि विस्तृत केला आहे. मोठ्या टायपात विल्सन, आणि ज्यांनी शब्द गोळा केले ते सगळे मिळून दोन शब्दांत. भाषांतरकारांच्या शोषणावर कादंबरी लिहायची तर याहून जळजळीत सुरुवात कोणती?

आमच्या बाजूला या. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आणि त्यांच्याबरोबरच्या शास्त्र्यांनी केलेला मराठी कोश १८२९ सालचा. जेम्स मोल्सवर्थ या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा; दुसरी आवृत्ती १८५७ ची. कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी त्या कामात होती. मोल्सवर्थ माझ्या टेबलावर रोज असतो आणि तो थोर आहे यात शंका नाही. पण एका खोलीत बसलेले ते शास्त्री आणि तो साहेब माझ्या डोळ्यांसमोर येतात. शास्त्री शब्द सांगतो, साहेब अर्थ विचारतो. शास्त्री काय सांगतो? काय हातचं राखतो? बायकांच्या तोंडचे, शेतातले, कारागिरांचे शब्द त्याच्यापर्यंत कुणी पोचवले, आणि कोणते त्याने सोवळ्यापायी गाळले? इथे अन्याय करणारा एकटा साहेब नाही, शास्त्रीही आहे, आणि तोच दुसऱ्या बाजूने अन्याय सोसणाराही आहे. तुमच्या मनोऱ्यात एवढा गुंता कधी शिरलाच नाही.

६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' निघालं. पानाच्या एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्यात मराठी, तोच मजकूर समोरासमोर. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आसपास होते, म्हणजे कादंबरीतल्या रॉबिनच्याच वयाचे. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा राज्यकर्त्यांना वाचता यावं आणि आपल्या लोकांनाही कळावं म्हणून दोन्ही भाषांत लिहीत होता. त्याला बोटीत बसून कुणाच्या मनोऱ्यात जावं लागलं नाही. वयाच्या चाळिशीच्या आत तो गेला. या माणसावर कादंबरी मागवावी असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात येईल?

अफूचंही तेच. रॉबिनच्या कँटनला जाणारी अफू पाटणा-बनारसकडून येऊन कलकत्त्यात लिलावाला निघे, तशी माळव्याहून मुंबईलाही येई. मुंबईचे व्यापारी त्या धंद्यात गळ्यापर्यंत होते. सर जमशेटजी जीजीभाईंचा जार्डिन या ब्रिटिश अफू-व्यापाऱ्याशी व्यापार होता. त्यांना १८४२ साली 'सर' ही पदवी मिळाली. त्यांच्या दानातून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा आजही मुंबईची शान आहेत. १८३९ मध्ये चिनी सम्राटाचा अधिकारी लिन झेशू याने कँटनला अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या तेव्हा त्यात मुंबईकरांचा मालही गेला. एका बाजूला गोरे जुलमी आणि दुसऱ्या बाजूला निष्पाप काळेसावळे, अशी ओळ कादंबरीला मारता येते, कारण ती मुंबईत येत नाही. आली असती तर रुग्णालयाच्या दारात उभं राहून विचारावं लागलं असतं की हा पैसा कुठला. हे मला बोचतं. मीही त्याच शहराच्या आधाराने शिकले आहे.

आणि ऑक्सफर्डच्या परिसरातच राहायचं असेल तर पंडिता रमाबाई आहेत. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या ती बाई १८८३ साली इंग्लंडला गेली. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) मठात राहिली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. रमाबाईंनी त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे बोडेनने मृत्युपत्रात जे मागितलं होतं ते जणू पन्नास वर्षांनी पदरात पडलं. पण रमाबाई वाकल्या नाहीत. मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून धर्मतत्त्वावर वाद घातला, आपली बुद्धी कुणाकडे गहाण ठेवायला नकार दिला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत, आणि त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा बिशपांनी आडकाठी केली. मठ, मृत्यू, ग्रंथ, गुरू आणि शिष्येचं बंड. 'डार्क अकॅडेमिया'ला आणखी काय हवं असतं? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली; पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. तीस वर्षं.

तिसरी तक्रार तुमच्या विक्रीविषयी, ती दोन शब्दांत. साम्राज्याच्या ज्ञानाचा धिक्कार करणारी कादंबरी तुम्ही मेणबत्त्या, तपकिरी कोट आणि जुन्या ग्रंथालयांच्या भुरळीवर विकता. विशेष आवृत्तीच्या रंगवलेल्या कडांना जेवढा खर्च येतो, तेवढा चिकित्सक संपादनावर झालेला दिसला असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

चौथी तक्रार जास्त गंभीर आहे. कादंबरीचा शेवट संपात होतो. ती छापणाऱ्या हार्परकॉलिन्सच्या न्यूयॉर्कमधल्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांनी १० नोव्हेंबर २०२२ पासून संप केला, कादंबरी बाजारात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. किमान पगार वर्षाला ४५ हजार डॉलरवरून ५० हजारांवर न्यावा, ही त्यांची एक मागणी. तडजोड व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. संपाच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, भाषांतरकार जेनिफर क्रॉफ्ट आणि कादंबरीकार मार्क हॅडन यांनी भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून खुलं पत्र काढलं होतं. त्यानंतरही कित्येक पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ते नाव नसतं. पुस्तकात भाषांतरकार सगळ्या जगाचा आधार, आणि पुस्तकाबाहेर त्याचं नाव शोधायला पान उलटावं लागतं. मला लागलं ते हे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

भाषांतरित पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भाषांतरकाराचं नाव लेखकाच्या नावासोबत छापा आणि विक्रीत त्याला वाटा द्या. 'टूम्ब ऑफ सँड'ला २०२२ मध्ये आणि 'हार्ट लॅम्प'ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, तेव्हा बक्षिसाची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटली गेली. एक पुरस्कार हे करू शकतो, तर तुमच्या करारनाम्यात निदान टक्केवारीचा रकाना तरी यायला हवा. ही मागणी मराठी प्रकाशकांनाही तितकीच लागू आहे, त्यांनी हे पत्र शेजारच्या घरचं म्हणून वाचू नये.

वसाहतींवरची कादंबरी घ्याल तेव्हा तिचं हस्तलिखित छापण्याआधी त्या प्रदेशातल्या जाणकारांना, मोबदला देऊन, वाचायला द्या. ऑक्सफर्डच्या बारकाव्यांची जशी काळजी घेतली जाते तशी कलकत्त्याच्या, हैतीतल्या पोर्ट-ओ-प्रिन्सच्या आणि कँटनच्या बारकाव्यांची घ्या.

दर वर्षीच्या यादीत निदान काही पुस्तकं अशी असू द्या ज्यांत ज्ञानाचं घर युरोपात नाही. फोर्ट विल्यम, बंगालमधलं श्रीरामपूर, पुण्याची संस्कृत पाठशाळा, मुंबईचं एल्फिन्स्टन, मदरसे, मठ, छापखाने. अशी पुस्तकं इंग्रजीतच लिहिलेली असावीत असा हट्ट धरू नका. मराठीत, बंगालीत, उर्दूत, तमिळमध्ये लिहिणाऱ्यांकडून मागवा आणि भाषांतर करून घ्या.

आणि संपादकांना वेळ द्या. लेखकाला "वाचकाला कळलं आहे, पुढे चला" एवढं सांगण्याइतका वेळ. रामीसारखा माणूस हातात आला की "याला मारण्याआधी याची गोष्ट सांगा" असं म्हणण्याइतकं धैर्यही त्यांच्याकडे असू द्या. मग ते पुस्तक थोडं उशिरा आलं तरी आम्ही थांबू.

यावर तुमच्यापैकी कुणीही जाहीर उत्तर दिलं तर ते मी स्वतः मराठीत आणीन, मोबदला न घेता, आणि इथल्या वाचकांपुढे शब्दही न बदलता ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक आणि भाषांतरकार,
पुणे